एम्फिसीमावरील शस्त्रक्रिया

एम्फिसीमा (वातस्फीती) या आजारात फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती कायमच्या नष्ट होतात. पंप, ऑक्सिजन आणि श्वसनाचे व्यायाम करूनही धाप हटत नाही, अशा निवडक रुग्णांसाठी तीन शस्त्रक्रिया आहेत : हवेचे मोठे फुगे काढणे, फुप्फुसाचे आकारमान कमी करणे आणि फुप्फुस प्रत्यारोपण. दुर्बिणीतून श्वासनलिकेत झडपा बसवण्याचा उपाय याच गटात मोडतो, जरी त्यात छाती उघडावी लागत नाही. यांपैकी कशानेही गेलेल्या भिंती परत येत नाहीत. एवढी गोष्ट रुग्णाला आणि घरच्यांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगितली पाहिजे.

निरोगी फुप्फुस ताणले की आपोआप आकसते, म्हणून उच्छ्वासाला कष्ट पडत नाहीत. भिंती नष्ट झाल्या की ही लवचीकता जाते, उच्छ्वासाच्या वेळी लहान श्वासनलिका मिटतात आणि हवा आत अडकून राहते. फुगलेल्या फुप्फुसाच्या दाबाने घुमटासारखे श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वसनाचा स्नायू) सपाट होते व त्याची ताकद वाया जाते. श्वास आत जात नाही, अशी रुग्णाची तक्रार असते; प्रत्यक्षात आधीची हवा बाहेर पडलेली नसते. निकामी, फुगलेला भाग काढला तर उरलेल्या बऱ्या भागाला जागा मिळते आणि श्वासपटल पुन्हा वर उचलले जाते. आकारमान घटवण्यामागचा विचार हाच आहे.

अमेरिकी शल्यविशारद ऑटो ब्रँटिगन यांनी ही शस्त्रक्रिया 1950 च्या दशकात केली. अनेकांना आराम पडला, पण मृत्यूही बरेच झाले आणि ती मागे पडली. 1990 च्या दशकात सेंट लुईस येथे जोएल कूपर यांनी तिला नवे रूप दिले. छातीच्या मधल्या हाडातून किंवा बाजूच्या छोट्या छेदांतून कॅमेऱ्याच्या साहाय्याने दोन्ही फुप्फुसांचा साधारण 20 ते 35 टक्के भाग स्टेपलरने कापून काढतात. टाक्यांच्या रेषेतून हवा गळणे ही नेहमीची गुंतागुंत आहे. छातीतली नळी त्यामुळे कित्येक दिवस ठेवावी लागते.

ही शस्त्रक्रिया कोणाला उपयोगी पडते, याचे सर्वांत भक्कम उत्तर अमेरिकेतील 1218 रुग्णांच्या चाचणीने 2003 मध्ये दिले. आजार मुख्यतः वरच्या खंडांत (फुप्फुसाच्या वरच्या भागांत) आणि व्यायामक्षमता कमी, अशा रुग्णांचे आयुष्य शस्त्रक्रियेने वाढले. आजार वरच्या खंडांत पण चालण्याची ताकद बरी, अशांना जगण्यात आराम मिळाला, आयुष्यमान मात्र वाढले नाही. आजार इतरत्र आणि ताकद चांगली, अशांमध्ये मृत्यू उलट वाढले. याच चाचणीने 2001 मध्ये एक इशाराही दिला होता : पहिल्या सेकंदात फुंकून बाहेर टाकलेली हवा अपेक्षेच्या 20 टक्के किंवा त्याहून कमी असेल आणि त्यासोबत आजार सर्व फुप्फुसात सारखा पसरलेला असेल, किंवा वायूंच्या देवाणघेवाणीची क्षमताही तितकीच खालावली असेल, तर शस्त्रक्रियेनंतर 30 दिवसांत 16 टक्के रुग्ण दगावले. रुग्ण निवडणे हे शस्त्रक्रियेइतकेच मोठे कौशल्य आहे, ते यामुळेच.

कोल्हापूर परिसरात ही निवड आणखी गुंतागुंतीची होते. इथे बिडी-सिगारेट आहेच. शिवाय गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतली धूळ आणि गगनबावडा-शाहूवाडीकडच्या घरांतली चूल आहे. चुलीच्या धुराने होणाऱ्या आजारात श्वासनलिका जाड होऊन अरुंद होण्याचा भाग जास्त आणि वायुकोश नष्ट होण्याचा भाग तुलनेने कमी असतो. म्हणून आयुष्यभर चुलीपुढे बसलेली आजी आणि तेवढीच वर्षे बिडी ओढलेले आजोबा यांना सारखीच धाप लागत असली, तरी आजीच्या फुप्फुसात कापून काढण्याजोगा भाग बहुधा सापडत नाही. पूर्वी होऊन गेलेल्या क्षयरोगाचे व्रण ही दुसरी अडचण. फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असेल तर शस्त्रक्रिया अवघड होते.

हवेच्या मोठ्या फुग्याची गोष्ट सोपी आहे. एकच फुगा छातीच्या त्या बाजूचा तिसरा हिस्सा किंवा अधिक व्यापत असेल आणि त्याखाली दबलेले फुप्फुस बरे असेल, तर तो काढल्याने चांगला फरक पडतो.

झडपांच्या उपायात निवडलेल्या खंडाच्या श्वासनलिकांत एकतर्फी झडपा बसवतात. हवा बाहेर जाते, आत येत नाही आणि खंड आकसतो. शेजारच्या खंडातून चोरवाटेने हवा येत नसेल तरच हे साधते, म्हणून खंडांमधली भेग पूर्ण आहे का हे सीटी स्कॅनवर पाहतात. झडपांनंतर पहिल्या काही दिवसांत फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचा धोका बराच असतो, त्यामुळे रुग्णाला लगेच घरी सोडत नाहीत. अमेरिकेत या झडपांना 2018 मध्ये मान्यता मिळाली.

कोणत्याही मार्गाआधी तंबाखूचा धूर पूर्ण थांबलेला असावा लागतो आणि काही आठवड्यांचे श्वसन-पुनर्वसन करावे लागते. फुंकण्याची चाचणी, सीटी स्कॅन आणि सहा मिनिटे चालण्याची चाचणी या तपासण्या कोल्हापुरातच होऊ शकतात. रोज रंकाळ्यावर थोडे थोडे चालणे हाही पुनर्वसनाचाच भाग. रुग्णाला खाटेवर पडून राहण्याची वेळ येण्याआधी हे मूल्यांकन व्हायला हवे, कारण स्नायू गळाल्यावर बरेच दरवाजे बंद होतात.

प्रत्यारोपणाचा विचार आजार सर्वत्र पसरलेला असेल आणि वरचे उपाय लागू पडत नसतील तेव्हा होतो. वजन, श्वासमार्गातला अडथळा, धाप आणि चालण्याची क्षमता मिळून 10 पैकी 7 किंवा अधिक गुण भरले, तर आजार त्या टप्प्याला आल्याचे मानतात. मानवी फुप्फुसाचे पहिले प्रत्यारोपण जेम्स हार्डी यांनी 1963 मध्ये केले. तो रुग्ण 18 दिवस जगला. आज एम्फिसीमाच्या रुग्णांपैकी साधारण निम्मे प्रत्यारोपणानंतर सहा वर्षांच्या आसपास किंवा अधिक जगतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. कोल्हापूरच्या रुग्णाला यासाठी पुणे, मुंबई किंवा चेन्नई गाठावी लागते. अवयव कधी मिळेल याची तारीख नसते आणि फुप्फुस शरीराबाहेर काही तासच टिकते, म्हणून प्रतीक्षायादीत नाव लागल्यावर बहुतेक कुटुंबांना केंद्राजवळच खोली घेऊन राहावे लागते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिनेही वारंवार तपासण्यांसाठी तिथेच काढावे लागतात.