बालसखीचा हिशोब

महापालिकेच्या शाळेतला तिसरीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. फळ्यावर हातच्याची वजाबाकी चाललीय आणि शेवटच्या बाकावरच्या पोरीला ४७ मोठे की ७४, इथंच अडायला होतंय. बाई तरी काय करणार? पुस्तक संपवायचंय.

अशी मुलं थोडीथोडकी नसतात. या शतकाच्या सुरुवातीला वडोदऱ्यात चाचणी घेतली, तेव्हा तिसरीतल्या जेमतेम १९.५ टक्के मुलांना पहिलीचं गणित येत होतं. 'प्रथम' या संस्थेचा त्यावरचा उपाय साधा होता. वस्तीतलीच, शालेय शिक्षण पूर्ण झालेली तरुणी महिना पाचशे ते साडेसातशे रुपयांवर नेमायची. मागे पडलेली पंधरा-वीस मुलं तिनं रोज दोन तास वर्गाबाहेर न्यायची. रिकामी खोली, व्हरांडा, मैदान, जिथं जागा मिळेल तिथं बसवून मुळाक्षरं आणि अंकओळख पक्की करून घ्यायची. ही बालसखी.

पण उपयोग झाला हे ठरवायचं कसं? वर्षाअखेर मुलांना जास्त येतं, हा पुरावा नव्हे. वर्षभरात ती एरवीही थोडंफार शिकलीच असती. बालसखी असलेल्या आणि नसलेल्या शाळांची तुलना करावी, तर उत्साही मुख्याध्यापकच तिला आधी बोलावून घेणार. मग गुण बालसखीचा की मुख्याध्यापकांचा?

अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी (जन्म मुंबईचा, आई पूर्वाश्रमीच्या पाटणकर), एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीनुसार काही शाळांत बालसखी तिसरीला, उरलेल्यांत चौथीला. पुढच्या वर्षी अदलाबदल. एकही शाळा रिकाम्या हाती राहिली नाही, आणि या शाळेतली तिसरी त्या शाळेतल्या तिसरीशी ताडून पाहता आली. मला तर निकालापेक्षा ही मांडणीच जास्त आवडते.

दुसऱ्या वर्षी सरासरी वाढ ०.२८ प्रमाण विचलन निघाली. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल अकराएक जागा पुढं सरकलं. ही वाढ मुख्यतः मागे पडलेल्या मुलांची होती. वर्गात राहिलेल्यांना रोज दोन तास कमी गर्दीचा वर्ग मिळत होता, पण त्यांच्या गुणांत म्हणावा असा फरक पडला नाही. पटसंख्या कमी केली की सगळं सुधारेल, असं ठासून सांगणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

वडोदऱ्यात शेजारीच दुसरा प्रयोग चालू होता: चौथीच्या मुलांसाठी संगणकावर गणिताचे खेळ. त्यात गणितातली वाढ ०.४७, म्हणजे बालसखीपेक्षा सरस. मग संगणकच घ्यावेत? इथं अर्थशास्त्रज्ञ वही उघडतो. बालसखीचा खर्च मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर, संगणकाचा सुमारे पंधरा. जवळजवळ सातपट पैसे मोजायचे आणि फायदा दुप्पटही नाही. तोही फक्त गणितात, भाषेत काही नाही.

वही तिथंच मिटली असती, पण या मंडळींनी कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं मुलांना पुन्हा चाचणीला बसवलं. बालसखी असो वा संगणक, कमावलेलं बरंचसं ओसरलं होतं. उरली होती ०.१ च्या आसपास वाढ.