शनिवार तेल्यांची शाळा

महाराष्ट्रातील शाळकरी मुलांची ज्यू लोकांशी ओळख बहुधा हिटलरच्या धड्यात होते आणि दूर युरोपात मारले गेलेले लोक एवढीच त्यांची प्रतिमा मनात राहते. ते आपल्या शेजारचेच आहेत, हे सांगायला अलिबागपासून सुरुवात करावी लागते. कोकणातील बेने इस्राएल हा ज्यू समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आणि तेलाचे घाणे चालवत राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी हे आपले पूर्वज होत, अशी या समाजाची श्रद्धा आहे. हिब्रू ग्रंथ हाताशी नसतानाही शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढ्या बळावर त्यांनी आपले वेगळेपण राखले, मात्र आडनावे केहीमकर, दिवेकर, पेणकर अशी गावांवरूनच घेतली.

ही ओळख पाठशाळेत शिकवण्याची गरज मुंबईत भासू लागली. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये तेथे समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, बांधले. पुढे कोचीनच्या ज्यूंनी धर्मविधी शिकवले, तर ख्रिस्ती मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू अर्थातच धर्मांतराचा होता. पण बाटले फारच थोडे, आणि मराठीत आलेल्या बायबलच्या जुन्या करारामुळे उलट या समाजाला आपल्याच पूर्वजांची कथा मायबोलीत वाचता आली. त्याच कथा १८८० पासून कीर्तनांत रंगू लागल्या, झांजा-मृदंगाची तीच मराठी रीत ठेवून.

या जागृतीतूनच हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली. मुलांना इंग्रजी आणि हिब्रू दोन्ही यावे, म्हणजे नोकरीही मिळेल आणि धर्मही सुटणार नाही, हा तिचा रोकडा विचार होता. हीच शाळा पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली.

इस्राएलच्या स्थापनेनंतर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. २०११ च्या जनगणनेत देशभरात ज्यूंची संख्या ४,६५० भरली. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर कदूरी शाळेच्या बाकांवर प्रामुख्याने मुस्लिम मुले बसू लागली होती.