सोया आणि प्रजनन : मिलिग्रॅमचा गुंता

१९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या वांझ होऊ लागल्या. चाऱ्यातल्या फॉर्मोनोनेटिन या रसायनाचं त्यांच्या पोटातले जिवाणू इक्वॉल करत, आणि इक्वॉल शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. सोयाबीनमधल्या डेडझीनपासूनही तेच बनतं, म्हणून संशय सोयावर आला. मात्र हे काम करणारे जिवाणू उंदरांत जवळजवळ सर्रास सापडतात, माणसांत काहींच्याच आतड्यांत.

१९९४ साली पाळी सुरू असलेल्या सहा स्त्रियांना महिनाभर रोज ६० ग्रॅम सोया प्रथिनं दिली गेली; त्यांत ४५ मिग्रॅ आयसोफ्लेव्होन (डेडझीन, जेनिस्टीन यांसारखी सोयातली इस्ट्रोजेनसदृश रसायनं) होते. पाळीचा पूर्वार्ध लांबला, एलएच आणि एफएसएच या बीजनिर्मिती चालवणाऱ्या संप्रेरकांची उसळी दबली. पुढे आयसोफ्लेव्होन काढलेली प्रथिनं देऊन पाहिली, तेव्हा हा परिणाम दिसला नाही. सहा जणी म्हणजे फारच थोड्या, पण परिणाम प्रथिनांचा नव्हे हे यातूनच कळलं.

खरा घोळ मिलिग्रॅमचा आहे. कच्च्या दाण्यात जेनिस्टीन मोकळं क्वचितच असतं. त्याला साखर जोडलेली असते, बहुतेक वेळा साखरेवर मॅलोनिल हा आणखी एक अणुगटही. मोकळ्या जेनिस्टीनचा रेणुभार २७०, साखरेसह ४३२, मॅलोनिलसह ५१८. म्हणजे १०० मिग्रॅ जेनिस्टिनमध्ये (शेवटी ऱ्हस्व ‘टि’, हे साखर जोडलेलं रूप) जेनिस्टीन भरतं जेमतेम ६२ मिग्रॅ, आणि मॅलोनिल रूपात ५२. शिजवताना मॅलोनिल गट सुटतो, आंबवताना साखर. अल्कोहोलने धुतलेल्या प्रथिनांत तर आयसोफ्लेव्होन जवळपास उरतच नाहीत. कोणतं रूप मोजलं हे न सांगता दोन प्रयोगांचे डोस शेजारी ठेवले, तर निष्कर्ष पावणेदोन-दोन पटींनी चुकू शकतो. अनेक जुन्या तक्त्यांत हा खुलासाच नाही, आणि ही हयगय अक्षम्य आहे.

२००८ मध्ये ९९ पुरुषांच्या अभ्यासात जास्त सोया खाणाऱ्यांत शुक्राणूंची घनता कमी आढळली; हालचाल आणि आकार यांत फरक नव्हता. बातमी घनतेचीच झाली. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही.

तान्ह्या बाळांचं मात्र वेगळं. सोया फॉर्म्युल्यावर (आईच्या दुधाऐवजी दिल्या जाणाऱ्या सोयाच्या पावडर-दुधावर) वाढणारं बाळ दर किलो वजनामागे रोज ६ ते ११ मिग्रॅ आयसोफ्लेव्होन घेतं, तेही दुसरा आहार नसताना. २०१० मध्ये अमेरिकेतल्या अधिकृत मूल्यांकनाने याला पाच पायऱ्यांपैकी खालून दुसरी, ‘किमान चिंता’ दिली. नवजात उंदरिणींना जेनिस्टीन टोचल्यावर त्या वांझ झाल्याचे प्रयोग तेव्हा समोर होते. टोचलेलं जेनिस्टीन आतडं-यकृताची पहिली चाळणी चुकवतं, एवढ्यावर ते प्रयोग बाजूला ठेवणं पटत नाही, कारण तोंडावाटे दिलेल्या डोसांचेही प्रयोग होते.