दुकानांची इमारत वारसा कशी ठरली

दुकानाच्या इमारतीला बदलावेच लागते. भाडेकरू जातात, नवे येतात, विकायचा माल बदलतो, दर्शनी काचा मोठ्या होतात, पाट्या नव्या चढतात. वारसा जपण्याची चळवळ मात्र ज्या वास्तू बदलू नयेत असे वाटले, त्यांच्यापासून सुरू झाली. अमेरिकेत १८५३ मध्ये स्थापन झालेल्या एका महिला संघटनेने जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्ननचे घर वाचवले, आणि पुढे कितीतरी दशके थोर पुरुषांची घरे, युद्धभूमी आणि चर्च हाच वारसा मानला गेला. छोट्या शहराच्या मुख्य रस्त्यावरची दोन-तीन मजली दुकानांची रांग या यादीत कुठेच बसत नव्हती.

ही रांग उभी राहिली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रेल्वेच्या पाठोपाठ. आधी लाकडी दुकाने आली. मागे बसके छप्पर आणि पुढे मात्र उंच, चौकोनी भिंत, म्हणजे रस्त्यावरून दुकान मोठे दिसावे. मग आगी लागल्या, बाजारपेठच्या बाजारपेठ जळाली, आणि अनेक शहरांनी मध्यवस्तीत लाकडी बांधकामाला बंदी केली. त्यानंतरच्या इमारती विटांच्या, एकमेकींना चिकटून उभ्या. तळमजल्यावर जवळजवळ पूर्ण काच. वरच्या भिंतीचा भार ओतीव लोखंडाच्या सडपातळ खांबांवर आणि तुळईवर. वर वकिलांची कार्यालये, दंतवैद्य, एखाद्या मंडळाचे सभागृह किंवा दुकानदाराचे बिऱ्हाड.

या दर्शनी भागांतले बरेचसे काम कारागिरांनी जागेवर केलेलेही नव्हते. सेंट लुईसचे मेस्कर बंधू आणि इंडियानातील इव्हान्सव्हिलचे जॉर्ज मेस्कर यांचे कारखाने लोखंडी खांब, जस्ताचा मुलामा दिलेले नक्षीदार पत्रे आणि माथ्यावरची कार्निस, म्हणजे पुढे आलेली नक्षीदार पट्टी, कॅटलॉगमधून विकत. माल रेल्वेने येई आणि गावातले सुतार-गवंडी तो बसवत. तयार माल म्हणून अशा इमारतींना कमी लेखण्याची सवय अजूनही आढळते. मला ती मुळीच पटत नाही. आडगावातला एक व्यापारी शेकडो मैलांवरून आपल्या दुकानाचा दर्शनी भाग मागवतो, यात त्या काळची मालवाहतूक, कारखानदारी आणि त्या माणसाची उमेद, सगळेच नोंदले गेले आहे. कित्येकदा खांबाच्या तळाशी कारखान्याचे नावही वाचता येते.

पहिला मोठा बदल मंदीच्या काळात झाला. १९३४ च्या गृहनिर्माण कायद्याने नूतनीकरणाच्या कर्जांना सरकारी हमी दिली. १९३५ मध्ये काच बनवणाऱ्या लिबी-ओवेन्स-फोर्ड कंपनीच्या पुढाकाराने मुख्य रस्त्यांच्या आधुनिकीकरणाची वास्तुरचना स्पर्धा झाली. जुन्या लाकडी चौकटींच्या जागी रंगीत, चकचकीत काच आणि धातूच्या पट्ट्या आल्या. दुसरा बदल अधिक कठोर होता. १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी मिनियापोलिसजवळ साउथडेल हे व्हिक्टर ग्रुएन यांनी रचलेले बंदिस्त खरेदी संकुल उघडले. मोटारींबरोबर गिऱ्हाईक शहराबाहेर जाऊ लागले. मुख्य रस्त्यावरच्या दुकानदारांनी नवेपणा दाखवण्यासाठी विटांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे चढवले. पत्र्यांचा सांगाडा सपाट बसावा म्हणून कित्येक ठिकाणी पुढे आलेली कार्निस तोडली गेली. पत्र्यांमागच्या खिडक्या झाकल्या गेल्या आणि वरचे मजले ओस पडले.

दरम्यान वारसा-विचार हळूहळू या इमारतींच्या दिशेने सरकत होता. इंग्लंडमध्ये लेखक आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्येच जुन्या वास्तूंवरचे नंतरचे थर खरवडून त्यांना 'मूळ' रूप देण्याला विरोध केला होता. वास्तुजतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: काळाच्या ओघात सांस्कृतिक महत्त्व मिळवलेल्या साध्यासुध्या वास्तूही जपायच्या, आणि वास्तूत वेगवेगळ्या काळांनी घातलेल्या रास्त भरीचा मान राखायचा. न्यूयॉर्कचे पेनसिल्व्हेनिया रेल्वे स्थानक १९६३ पासून पाडले जाऊ लागले, त्याने लोकमत हादरले होते. १९६६ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायदा आला.

छोट्या शहरांसाठी या कायद्याखालच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या दोन तरतुदी निर्णायक ठरल्या. महत्त्व राष्ट्रीयच असले पाहिजे असे नाही, केवळ त्या गावापुरते असले तरी नोंद होऊ शकते. आणि एकट्या इमारतीऐवजी सबंध परिसराची नोंद होऊ शकते. एरवी सामान्य वाटणारी इमारत रांगेचा भाग म्हणून मोलाची ठरली, कारण ती गेली तर रस्त्याची सलग भिंतच तुटते.

पैशाचे गणित बदलले १९७६ च्या करसुधारणेने. तोवर करव्यवस्था पाडून नवे बांधण्याकडे झुकलेली होती, आता नोंद झालेल्या व्यापारी वास्तूंच्या दुरुस्तीला सवलत मिळाली. १९७७ मध्ये वारसा जतनाचे काम करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या अमेरिकी संस्थेने गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्स या तीन शहरांत प्रयोग सुरू केला. इमारतींची डागडुजी, दुकानदारांची संघटना, बाजाराची जाहिरात आणि आर्थिक नियोजन एकत्र चालवायचे, हे त्याचे सूत्र. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत शहाणे पाऊल हेच, कारण दुकान चालल्याशिवाय दुकानाची इमारत टिकत नाही हे त्याने मान्य केले.

आता वाद त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांचाच आहे. राष्ट्रीय नोंदवही साधारणपणे ५० वर्षे उलटलेल्या गोष्टींचा विचार करते, आणि १९६० च्या दशकातले पत्रे ती मर्यादा ओलांडून गेले आहेत. १९३० च्या दशकातल्या रंगीत काचांना आज जपले जाते, मग या पत्र्यांना का नाही, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर इमारतीगणिक वेगळे निघते. आधी पत्र्याचा एखादा कोपरा सोडवून मागे काय उरले आहे ते पाहावे लागते: वीटकाम शाबूत आहे का, खिडक्यांच्या चौकटी आहेत का, कार्निसचे किती तुकडे वाचले आहेत. मागचे सारे धड असेल तर पत्रे काढणे मला योग्य वाटते. पण मागे फक्त फोडलेल्या विटा उरल्या असतील आणि पत्र्यांची रचना विचारपूर्वक केलेली असेल, तर त्या इमारतीचा दर्शनी भाग आता तोच आहे, आणि नोंदही त्याचीच व्हायला हवी.