कर्णाचे दातृत्व आणि निष्ठा

महाभारतातील कर्णाच्या व्यक्तिरेखेचे दोन ठळक विशेष. ‘दानशूर कर्ण’ हा मराठीत वाक्प्रचारच झाला. निष्ठेचे नाव त्या मानाने कमी निघते. मूळ कथेत मात्र हे दोन गुण सतत एकमेकांच्या आड येतात.

निष्ठेचे मूळ आदिपर्वात आहे. रंगमंडपात कुळावरून अडवलेल्या कर्णाला दुर्योधन तिथल्या तिथे अंगदेशाचा अभिषेक करतो आणि बदल्यात फक्त सख्य मागतो. पुढे उद्योगपर्वात कृष्ण जन्मरहस्य सांगून राज्य देऊ करतो. पांडव जिंकणार हे कळत असूनही कर्ण नकार देतो. ज्यांचे अन्न खाल्ले त्यांच्या मिठाला जागायची वेळ आली आहे, असे तो कुंतीलाही सुनावतो. पण त्याच भेटीत अर्जुनाखेरीज चौघांना न मारण्याचे वचन देऊन बसतो. ते तो पाळतोही. द्रोणपर्वात भीम व सहदेव, कर्णपर्वात नकुल व युधिष्ठिर हाती येऊन सुटतात. नकुलाच्या तर गळ्यात धनुष्य अडकवून त्याला परत धाडले आहे. युधिष्ठिराला जिवंत पकडून आणा, हीच दुर्योधनाची द्रोणांकडे मागणी होती, हे इथे विसरू नये. आईला दिलेल्या शब्दाची किंमत मित्राने मोजली.

कवचकुंडलांचा प्रसंग वनपर्वातील कुंडलाहरणात येतो. ब्राह्मणवेषात इंद्र येणार हे सूर्याने स्वप्नात आधीच सांगितलेले असते. द्यायचीच असतील तर बदल्यात ‘शक्ती’ हे अमोघ अस्त्र माग, असा सल्लाही दिलेला असतो. कर्ण तसेच करतो. म्हणजे महाभारतातले हे प्रसिद्ध दान चक्क सौदा आहे. शक्ती एकदाच चालणारी; अर्जुनासाठी राखलेली ती चौदाव्या रात्री, कौरवसेनेच्या आकांतामुळे, घटोत्कचावर खर्च होते.

संस्कृत नाटककार भासाच्या नावावर असलेल्या ‘कर्णभार’ या एकांकी नाटकाने हा सौदा पुसून टाकला. तिथे गाई, घोडे, हत्ती, सोने, पृथ्वी, अग्निष्टोम यज्ञाचे फळ, शेवटी स्वतःचे मस्तक, असे एकेक देऊ केले तरी याचक ‘नको’ म्हणतो. कवचकुंडले निघताच मात्र झटकन हात पुढे करतो. नंतर पश्चात्तापाने इंद्र ‘विमला’ शक्ती धाडतो. दिलेल्याचा मोबदला घेत नाही, म्हणून कर्ण ती आधी नाकारतो. ब्राह्मणाचा शब्द मोडू नये, एवढ्यासाठीच स्वीकारतो.

मरताना सोन्याचा दात पाडून दिल्याची लोकप्रिय कथा भांडारकर संस्थेने हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत नाही.