लहान मुलांची छापील उपकरणं आणि ‘वर्षाला पाच’चा नियम

त्रिमितीय छपाईचं (थरावर थर चढवून वस्तू घडवण्याच्या थ्रीडी प्रिंटिंगचं) पहिलं महत्त्वाचं पेटंट १९८४ साली दाखल झालं. पुढची बरीच वर्षं हे तंत्र कारखान्यांत नमुने बनवण्यापुरतं राहिलं. लहान मुलांच्या वैद्यकीय उपकरणांची अडचण त्याहून जुनी. रुग्ण थोडे, मापं अनेक आणि मूल सतत वाढणारं, मग कंपन्या कशाला हात घालतील? डॉक्टर मोठ्यांची उपकरणंच जमवून घेत आले.

फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेत श्वासनलिका वारंवार मिटणाऱ्या तीन महिन्यांच्या बाळाला छापलेला आधार बसवला गेला. सीटी स्कॅनवरून आखलेली ही नळी एका बाजूने उघडी होती. ती श्वासमार्गाला बाहेरून कवेत घेते, श्वासमार्ग तिला आतून टाक्यांनी बांधलेला असतो. बाळ वाढेल तशी फट रुंदावते आणि साधारण तीन वर्षांत ती ज्याची बनलेली असते ते पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे प्लास्टिक शरीरात विरून जातं. परवानगी मिळाली ती तातडीची, फक्त त्या एका रुग्णापुरती. २०१५ च्या अहवालात अशी तीन मुलं होती.

खरा घोळ नियमांचा. त्याच २०१२ साली अमेरिकी कायद्याने एका रुग्णासाठी खास घडवलेल्या उपकरणांना नेहमीच्या मंजुरीतून सूट देताना मर्यादा घातली: एका प्रकारची वर्षाला जास्तीत जास्त पाच. या सवलतीच्या नावाखाली कोणी कारखाना चालवू नये, हा हेतू रास्तच. पण इथे प्रत्येक नग वेगळा आणि पद्धत मात्र एकच. सहावं बाळ आलं तर? उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकी नियामकाने वाट काढली ती अशी: मापांची कमाल-किमान हद्द आधी मंजूर करून घ्या आणि तिच्या आत हवे तितके नग रुग्णागणिक बदला. अशी उपकरणं ‘खास घडवलेली’ ठरत नाहीत, त्यामुळे पाचाची अटही लागत नाही. मोठ्यांच्या कृत्रिम सांध्यांना हे सोयीचं आहे. दुर्मीळ आजाराच्या तान्ह्यांसाठी हद्द सिद्ध करण्याइतके रुग्ण आणायचे कुठून? माझ्या मते इथे कायद्याने मुलांचा विचारच केला नाही.

२०१३ नंतर स्वयंसेवकांनी घरच्या प्रिंटरवर मुलांचे कृत्रिम हात छापायला सुरुवात केली. कौतुक भरपूर झालं, चाचण्या थोड्याच झाल्या. (हात तुटला तर नवा छापता येतो, श्वासनलिकेला ती सोय नाही.)

छापील उपकरणांवरची अमेरिकी नियामकाची तांत्रिक मार्गदर्शिका डिसेंबर २०१७ मध्ये आली, पण रुग्णालयातच होणाऱ्या छपाईचा प्रश्न तिने बाजूला ठेवला. त्यावरची चर्चापत्रिका डिसेंबर २०२१ मध्ये निघाली. रुग्णालयाने छापलेल्या उपकरणाचा उत्पादक कोण, हा तिच्यातला कळीचा मुद्दा. युरोपात मे २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत रुग्णालयांना स्वतःपुरती उपकरणं बनवता येतात, मात्र बाजारात तोडीचं उपकरण नाही हे आधी दाखवावं लागतं.