दोननंतर थेट ‘चार प्लस’: जनरेटरच्या इंजिनांची पार्श्वभूमी

भारनियमनाच्या दिवसांत दुकानाच्या पायरीवर दोरी ओढून सुरू होणारा जनरेटर असायचा. आधी पेट्रोलवर, तापला की कॉक फिरवून रॉकेलवर, आणि धूर थेट गिऱ्हाइकाच्या तोंडावर. डिझेल जनरेटरच्या धुराला देशात २००४ पासून टप्प्याटप्प्याने मर्यादा लागू झाल्या. त्यातल्या ‘सीपीसीबी-दोन’ची (सीपीसीबी म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) अधिसूचना डिसेंबर २०१३ ची, अंमल १ जुलै २०१४ पासून.

पुढचा टप्पा नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला आणि त्याचं नाव पडलं ‘सीपीसीबी-चार प्लस’. तीन गेला कुठे, हा प्रश्न विक्रेत्यांना अजून विचारला जातो. तीन कधी आलाच नाही. चारचा आकडा ट्रॅक्टर आणि बांधकाम यंत्रांच्या चौथ्या टप्प्याशी जुळतो. काही मर्यादा त्याहूनही कडक, म्हणून प्लस. नाव ऐकून वाटतं, सगळ्यांनीच दोन पायऱ्या एकदम चढल्या. तसं नाही. ८ किलोवॉटपर्यंतच्या डिझेल इंजिनाला नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन मिळून दर किलोवॉट-तासाला ७.५ ग्रॅमची मुभा होती, तीच राहिली. धुरातल्या कणांची ०.३ ग्रॅमही तशीच. खरी कात्री १९ किलोवॉटच्या वर लागली. १९ ते ५६ मध्ये कणांची मर्यादा ०.३ वरून ०.०३ वर आली. ५६ ते ५६० मध्ये नायट्रोजन ऑक्साइड ०.४.

परिणाम बॉनेट उघडलं की दिसतो. साध्या पंपाच्या जागी कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल पुरवणारी सामाईक नळी), ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आणि सेन्सरच्या वायरी. ५६ च्या वर बहुतेक ठिकाणी नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही. पान्याने नोझल सोडवणाऱ्या मेकॅनिकला आता आधी स्कॅनर जोडावा लागतो.

गोंधळात भर केव्हीएची, म्हणजे जनरेटरची क्षमता मोजायच्या एककाची. जनरेटर विकला जातो केव्हीएवर, मर्यादा ठरते इंजिनाच्या किलोवॉटवर. नेहमीचा ०.८ पॉवर फॅक्टर धरला तर ६२.५ केव्हीए म्हणजे ५० किलोवॉट वीज. पण अल्टरनेटरची (इंजिनाच्या फिरण्यातून वीज काढणाऱ्या भागाची) तूट आणि थोडा ओव्हरलोड धरला की इंजिन ५६ च्या उंबरठ्यावर येतं. युरियाची टाकी हवी की नको, याचा निकाल त्या उंबरठ्यावर लागतो, आणि किंमतही तिथेच उडी घेते.

अंमल १ जुलै २०२३ पासून होता. मुदतवाढीमुळे दोनचा माल जून २०२४ पर्यंत विकला गेला. मर्यादा नव्या इंजिनांनाच आहेत. सोसायटीच्या पार्किंगमधला २०१० चा संच आपल्या जुन्याच दाखल्यावर धडधडतो.